दोना फिलोच्या आत कोण?

ब्राझीलमधल्या ओलिंदा गावातल्या जुन्या बर्फाच्या कारखान्याचं कलाघर झालं, तेव्हा भिंतींना चुना फासण्यापासून जेनेझिओ तिथे होता. कागदाचा लगदा कालवून दोना फिलो या बाहुलीचं घमेल्याएवढं डोकं त्यानेच घडवलं. दोन माणसांएवढी उंच ती बाहुली दर कार्निव्हलला खांद्यावर घेऊन, तिच्या घागऱ्याच्या आत शिरून नाचायचा तोही तोच. फिलो डोलत आली की लोक त्याचं नाव घेऊन ओरडत, आणि त्या ओरडण्यावर तो पुढचं वर्षभर जगायचा.

यंदा गुडघ्याने दगा दिला.

"फिलोला दारात उभी करू," कलाघराचा कारभारी देओक्लेसिओ म्हणाला. "येणारे-जाणारे बघतील."

"दारात? ती काय कपड्याच्या दुकानातली बाहुली आहे?" जेनेझिओ भडकला.

"मग मी उचलते," त्याची मुलगी इव्हानिल्दा म्हणाली. ती बाजारात मासे विकायची.

"तू? कंबर मोडेल, आणि माझी अब्रू जाईल ती वेगळीच."

"बाबा, माशांच्या पेट्या उचलून तुम्हाला पोसते, तेव्हा बरी मोडत नाही ती!"

देओक्लेसिओ खो खो हसला. जेनेझिओला काही हसू आलं नाही. महिनाभर त्याने तिला कलाघराच्या अंगणात नाचवलं आणि पावलापावलाला चुका काढल्या. खरी भीती मात्र मनातच ठेवली. पोरगी पडली तर फिलो फुटणार, आणि नाही पडली तर आपल्याला कुत्रं तरी विचारणार का?

कार्निव्हलच्या दिवशी काठी टेकत तो उताराच्या वळणावर उभा राहिला. ट्रम्पेट दणाणले आणि गर्दीच्या डोक्यांवरून फिलो डोलत आली.

"जेनेझिओ! वा रे म्हाताऱ्या!" लोक ओरडले.

"गुडघे गेले म्हणत होते याचे," त्याच्या पुढ्यातला एक जण मागे न बघताच म्हणाला. "हा तर पोरासारखा नाचतोय!"

कानाला ते गोड लागलं. नाव आपलंच घेतायत, गप्प राहिलो तर कुणाचं काय जातंय? आणि जेनेझिओ गप्प राहिलाही.

तेवढ्यात, ऐन उतारावर, फिलोने उलटी गिरकी घेतली. घागरा भिंतींना घासला, लोकांचे श्वास अडकले, आणि ती पुन्हा ताठ उभी राहिली.

आता त्याला राहवेना. काठी उंचावून तो घसा फाटेस्तोवर ओरडला, "अरे आंधळ्यांनो, मी इथे आहे! आत माझी पोरगी आहे, इव्हानिल्दा!"

माना वळल्या, हशा पिकला, आणि ते नाव उताराभर गाजलं. जेनेझिओला अभिमानाने रडू फुटलं. "अशी गिरकी मला बापजन्मात जमली नाही," पुढ्यातल्या माणसाचा दंड धरून तो सांगत सुटला, आणि त्या बिचाऱ्याला पुढची मिरवणूक काही त्याने बघू दिली नाही.