कायीमाय

"जय भीम, गुर्जी. सुंदरा बोलून राहिली, अकोल्यावरून. तुमच्या त्या गावात आमची माय काहून नाई सापडत?"

देवमन गुरुजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. अमरावतीच्या घराच्या गॅलरीत ऊन नुकतंच त्यांच्या पावलांपर्यंत आलं होतं.

"नीट सांग सुंदरा. काय शोधलंस?"

"मायचं नाव. तुमीच शिकवलेली अक्षरं, एका बोटानं टाकली. थो म्हनते, काई सापडलं नाई. रोज तेच." मागं ऑटोचे हॉर्न वाजत होते. "मायचा फोटो तर नाईच, गुर्जी. पन गावानंबी इसरावं? अर्धं गाव तिच्या हातावर झालं ना!"

सुंदराबाईची आई गावाची सुईण होती. आणि गाव म्हणजे मोर्शीकडचं पिंपळझरी, गेली तीस वर्षं धरणाच्या पाण्याखाली असलेलं. गुरुजी तिथल्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या वर्गातली पोरं आता अकोल्याला, बडनेऱ्याला, कुठं कुठं पांगली होती. ती फोनवर गावच्या आठवणी बोलून पाठवत, गुरुजी त्या उतरवून काढत आणि त्यांची मुलगी भावना प्रत्येक आठवणीचं एक पान करून गावाच्या वेबसाइटवर चढवत असे. वर एक चौकट होती. त्यात शब्द टाकला की ज्या ज्या पानात तो असेल ती पानं समोर येत.

पान तयार झालं की गुरुजी डोळे मिटत. शाळेपासून निघत, पारावरून वळत आणि ज्याची आठवण त्याच्या दारात जाऊन थांबत. पान चढलं की पाण्याखालच्या त्या घरात कुणी चिमणी लावल्यासारखं वाटे. भिंतीवरून माशांच्या सावल्या सरकत.

सुरुवातीला एकदा त्यांनी विचारलं होतं, "रोज एक पान वाढतं, मग रोज सगळं गाव नव्यानं मांडावं लागतं का गं?"

"नाही बाबा. जुनी शब्दसूची आहे तशीच राहते. नव्या पानातले शब्द तेवढे सुटे करून एका छोट्या सूचीत ठेवायचे. शोधणाऱ्यासाठी दोन्हींत पाहायचं. छोटी भरली की मोठीत मिसळून टाकायची."

"म्हणजे कापसाचा वेचा!" गुरुजी पोरासारखे खुलले होते. "फुटली तेवढीच बोंडं वेचायची, कमरेची ओटी भरली की गंजीवर रिकामी करायची. त्यासाठी पऱ्हाटीचं झाड कुणी उपटत नाही."

त्या वेच्यातून सुंदराची मायच कशी सुटली, हे आज त्यांना उमगेना. सुईण गेली नाही असं घर गावात नव्हतं, तशी तिची आठवण नाही अशी पानंही थोडीच होती. त्यांनी भावनाला हाक मारली. तिनं लॅपटॉपवर कुणी काय शोधलं ते पाहिलं आणि हसूच दाबलं.

"बाबा, सुंदराआत्यानं काय टाकलं माहीत आहे? कायीमाय. हा शब्द आपल्या एकाही पानात नाही."

"असा कसा नाही? सगळे तेच तर म्हणतात!"

"म्हणतात ते. लिहिता तुम्ही."

गुरुजी उठून पडद्याशी वाकले. श्रीमती केसरबाई. पुढच्या पानावर श्रीमती केसरबाई. त्याच्या पुढच्याही. वर्गात कुणाच्या तोंडून 'फय' आलं की गुरुजी धडा थांबवत आणि 'फळ' म्हणवून घेत. काळीची कायी झालेली त्यांना कशी चालावी? शिवाय चारचौघांच्या वाचण्यात बाईमाणसाला काळी म्हणायचं, तेही बरं दिसेना. म्हणून लोकांनी बोललेलं त्यांनी मोठ्या आदरानं धुऊन काढलं होतं.

"पण आईचं खरं नाव तिला ठाऊक असेल ना?"

"असेल की. पण मायला कुणी नावानं शोधतं का, बाबा?"

गुरुजी खाली बसले. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर चढलं होतं.

"आता सगळं मोडावं लागेल?"

"काही नाही. जे पान बदललं त्याचे जुने शब्द काढायचे, नवे घालायचे. बाकी गाव जागच्या जागी."

पहिलं पान त्यांनी त्याच दुपारी बदललं, बडनेऱ्याच्या पुंजाजीचं. मूळ बोलणं पुन्हा लावून, जसं ऐकू आलं तसं: 'पोरगं झालं का कायीमाय त्याच्या कानात पयलं गावाचं नाव सांगे. पिपयझरीचा हायेस रे तू.'

संध्याकाळी सुंदराबाईचा फोन आला. आवाज ओला होता. "सापडली, गुर्जी!"

"अजून खूप आहेत. उद्या सगळीच बदलतो."

"नोका! सारी एकदम नोका टाकू. रोज एक टाका. रोज सांच्याले माय दारात आल्यावानी वाटन."

मग रोज एक पान. कधी कायीमाय बैलगाडीतून दुसऱ्या टोकाला निघालेली, कधी बाळंतिणीच्या सासूला दटावणारी. एक दिवस बदलायचं पानच उरलं नाही. गुरुजी गॅलरीत बराच वेळ डोळे मिटून बसले. पाण्याखालच्या गल्लीतून चालत गेले, ते शाळेशेजारच्या त्यांच्या स्वतःच्या दारात. ते घर अजून अंधारात होतं. त्यांनी लिहायला घेतलं, गावच्या बोलीतच.

भावनानं पान चढवायला घेतलं आणि वाचता वाचता तिचा हात आपसूक कानाशी गेला.

दिवेलागणीला फोन वाजला. "गुर्जी, आजचं पान तर तुमचं हाये! वाचू?"

"वाच."

सुंदराबाई वाचू लागली. एकेका शब्दावर बोट ठेवत, वर्गात वाचायची तशीच, हेल काढून. "माही... भावना... कायीमायच्या हातावर झाली. मायनं पोरीच्या कानात सांगतलं, पिपयझरीची हायेस तू. मी दाराभाईरून म्हनलं, पिंपळझरी म्हना, माय. थे म्हने, पोरगी रडून राहिली, थे काय शुद्ध रडते का, मास्तर?"

ती हसता हसता अडखळली, नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. या वेळी त्यांनी तिला कुठंच थांबवलं नाही.