तारेची गाठ

पुंडलिकनं तापलेल्या पट्टीवर हातोडीची टिचकी मारली आणि तो थांबला. पट्टी पिवळ्याची नारिंगी झाली, नारिंगीची लाल, लालाची काळपट. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की समोर घण घेऊन कुणीच उभं नाही.

"हात् तिच्या," तो पट्टीलाच म्हणाला आणि त्यानं ती परत भट्टीत सारली.

लोहाराच्या कामात बोलणं नसतं. धरणाऱ्यानं हातोडीनं जागा दाखवायची, समोरच्यानं तिथं घण घालायचा. ठिण् म्हणजे 'इथं', धप्प म्हणजे 'घातला'. पुंडलिक आणि जिजाबाईचा अख्खा संसार एवढ्या दोनच शब्दांवर चालला होता. आणि इतर जोडपी याहून पुष्कळ जास्त शब्द वापरून काही वेगळं साधतात, असं खारीगावात तरी कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

जिजाबाई पावसाळ्यात गेली. काविळीचं निमित्त झालं. आणि घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलीकडचे तीन वर्षं थांबायला तयार नव्हते. म्हणजे आई गेली म्हणून मुलाच्या लग्नाची घाई झाली, आणि भावेशची हळद येत्या रविवारवर येऊन ठेपली. ही रीत ज्यानं घालून दिली त्याला बहुधा मुलगाही नसावा आणि आईही.

हळद लागली की नवऱ्यामुलाच्या हातात सुरी द्यायची, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेस्तोवर ती हातातून सोडायची नाही. लोक ती कुठूनही आणतात. पुंडलिकच्या घरात मात्र ती आईबापांनीच घडवायची. बापानं धरायची, आईनं ठोकायची. नवऱ्यामुलानं स्वतःच्या सुरीवर घण घालायचा नाही.

भावेश काशीमिऱ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. तो संध्याकाळी आला तो कागदात गुंडाळलेली कट्यार घेऊनच.

"बाबा, ही बघा. फेटेवाल्यानं फेट्यासोबत फ्री दिलीय."

कट्यारीला लाल मखमलीचं म्यान होतं आणि मुठीवर हिरे. पुंडलिकनं एक हिरा नखानं टोकरून पाहिला. तो नखालाच चिकटून आला.

"धार हाय?"

"धार कशाला पायजे? लग्न आहे, लढाई नाय."

"लिंबात तरी घुसंल ना?"

भावेशनं फळीवरचं लिंबू उचललं आणि टोक दाबलं. लिंबाला काही झालं नाही. कट्यार वाकली.



"मग मी घालू का घण?" भावेश हळूच म्हणाला. "कोण बघतंय?"

"तुझी आय बघते," पुंडलिक म्हणाला.

भावेश कट्यार सरळ करत घरात गेला.

भट्टीच्या पंख्यामागं जिजाबाईचं पोतं होतं. गावाभोवतीची भातशेती गेली, तिथं बिल्डिंगा आल्या, विळे-कोयते विचारणारं कुणी उरलं नाही. पण बिल्डिंगांबरोबर सुतार आले आणि सुतारांबरोबर त्यांच्या मोडक्या करवती. जिजाबाई मासळीला निघाली की येताना त्या पाटीत घालून आणायची. वर मासळी, खाली करवती. काशीमिऱ्याच्या आरागिरणीत लाकूड चिरणाऱ्या लांब पट्ट्यांचे तुकडेही तिनं आणले होते. "पोलाद टाकून देतात मेले," ती म्हणायची. "आपल्या भावेशच्या लग्नाला पान्याची सुरी करू. मामंजी करायचे तशी."

पाण्याची सुरी म्हणजे दोन जातींच्या पोलादांचे थर एकावर एक रचून एकजीव केलेली. आरागिरणीचा पट्टा आंबटानं उजळ राहतो, हातकरवतीचं पातं काळं पडतं. मग पात्यावर बारीक लाटा उठतात, मिठागरातल्या पाण्यावरून वारा गेल्यासारख्या. "करू की," पुंडलिक दर वेळी म्हणायचा आणि खिडक्यांच्या जाळ्या करायला घ्यायचा.

त्यानं पोतं ओढलं, तोंड सोडलं आणि हात घातला. सुट्या करवती हाताला लागतील अशी त्याची समजूत होती. हाताला जुडगा लागला.

तुकडे एकसारख्या लांबीचे कापलेले होते. दात काढलेले. वाळूनं घासून गंज उतरवलेला. एक या जातीचा, एक त्या जातीचा, असे बिनचूक रचलेले, आणि स्लॅबच्या सळ्या बांधायच्या तारेनं करकचून बांधलेले. तारेच्या गाठीला पीळ होता, तो उलटा. जिजाबाई डावरी होती.

तिनं हे कधी केलं? डोळे पिवळे झाल्यावर ती दारातल्या खाटेवर पडूनच असायची. पुंडलिक जाळ्या बसवायला शांतीनगरात जायचा, भावेश ऑफिसला. घरी कुणी नसताना हिनं वाळू आणली, घासलं, रचलं, बांधलं, पोत्यात ठेवलं आणि परत खाटेवर जाऊन पडली. विचारलं तर म्हणायची, "बरं हाय."

तिला सगळं कळलं होतं, हे पुंडलिकला आत्ता कळलं.

त्यानं जुडगा ऐरणीवर ठेवला आणि समोर बसून राहिला. सुरी करायची तर हा भट्टीत घालायचा. पहिल्या तावानंतर तार सांडशीनं ओढून फेकून द्यायची, ही पहिली शिकवण. नाहीतर ती पोलादात चिकटून बसते आणि कामात खोट राहते. तिच्या हातचं हे शेवटचं. आणि ते मोडल्याशिवाय तिला हवं होतं ते होणार नव्हतं. जिजाबाईनं आयुष्यात पुंडलिकला कोड्यात टाकल्याचा हा पहिलाच प्रसंग. उत्तर विचारायला ती जागेवर नव्हती.

हळदीच्या आदल्या दिवशी पंढरीनाथ आला. मागच्या चार मजली बिल्डिंगचा हा सेक्रेटरी. राहायला आल्यापासून त्याचं एकच काम : घणाच्या आवाजाविरुद्ध अर्ज करणे. एक अर्ज त्यानं खुद्द जिजाबाईच्या हातात दिला होता. तिनं त्यावर बोंबील सुकत घातले आणि सांगितलं, "घण आधी आला भाऊ, बिल्डिंग मागनं. मागनं आलेल्यानं रांगेत उभं ऱ्हावं."

"पुंडलिकराव, एक तक्रार आहे," पंढरीनाथ दारातूनच म्हणाला.

"आवाज जास्ती झाला?"

"कमी झाला. इतकी वर्षं ऐकतोय, ठिण्-धप्प, ठिण्-धप्प. पावसाळ्यापासून काहीच नाही, आणि या आठवड्यात नुसतंच ठिण्. माणूस पुढच्याची वाट बघत बसतो हो. काल कपातला चहा गार झाला माझा."

पुंडलिकनं कोपऱ्यातल्या घणाकडे पाहिलं. पंढरीनाथनंही पाहिलं. मग ऐरणीवरच्या जुडग्याकडे, मग मांडवाच्या बांबूंकडे.

पंढरीनाथनं मनगटावरचं घड्याळ सोडलं, खिशात ठेवलं आणि घणाला हात घातला.

"तुम्हाला जमायचं न्हाय," पुंडलिक म्हणाला.

"जमणार नाहीच. पण कधी पडायला पाहिजे ते पाठ आहे मला. वहिनी अर्धा श्वास उशिरा घालायच्या. मधे पदर सावरायच्या."

पुंडलिकनं घरात हाक मारली. "भावेश! पंखा फिरव."

भट्टीला वारा घालायला नवऱ्यामुलाला बंदी नव्हती. बंदी घालताना वाडवडिलांच्या ते ध्यानात आलं नसावं.

जुडगा आगीत गेला. पुंडलिकनं सांधा धरायला टाकणखार टाकला, तो वितळून थरांत झिरपला. तार लाल झाली, पिवळी झाली. त्यानं सांडशी घेतली. सांडशीचं तोंड गाठीपाशी गेलं, उघडलं आणि मिटून परत आलं. पोलाद पांढुरकं होऊन ठिणग्या सोडायला लागलं तसा त्यानं जुडगा तारेसकट ऐरणीवर आणला.

ठिण्.

अर्धा श्वास.

धप्प.

पंढरीनाथचा पहिला घाव वाकडा पडला, दुसरा जरा कमी वाकडा. पण प्रत्येक घाव ज्या वेळी पडायचा त्याच वेळी पडत होता. ठिण्, धप्प. ठिण्, धप्प. थर एकमेकांत शिरत होते. जुडगा लांब झाला, पुन्हा तापला, पुन्हा ऐरणीवर आला. पुंडलिकची नजर पोलादावरून हटत नव्हती. समोर कोण आहे ते त्याला बघायचं नव्हतं, आणि त्याच्या कामात बघावंही लागत नाही. मग पोलादाचा आवाज बदलला, भरीव झाला. सगळं एकजीव झालं होतं.

त्यानं हातोडी ऐरणीवर आडवी टेकवली.

"बस, जिजा," तो म्हणाला. "दम खा."

भावेशचा हात पंख्याच्या दांड्यावर थांबला.

पंढरीनाथ सोसायटीच्या मीटिंगमधे लोकांना अर्ध्या वाक्यात अडवून दुरुस्त करायचा. त्यानं काहीही दुरुस्त केलं नाही. घण खाली टेकवला आणि सांगितल्याप्रमाणे दम खाल्ला.

रविवारी मांडवात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. भावेश पाटावर पिवळाधमक बसला होता, हातात सुरी, टोकाला लिंबू. लिंबाचा रस पात्यावरून खाली ओघळत होता आणि जिथून ओघळत होता तिथं हळूहळू लाटा उमटत होत्या. एक उजळ, एक काळी. म्हाताऱ्या बायका गाणं सोडून वाकून बघायला लागल्या. पंढरीनाथ दोन्ही तळव्यांना हळद फासून खुर्चीत बसला होता. लोकांना वाटलं, हौस. तळव्यांना फोड आले होते.

"बाबा," भावेश दबक्या आवाजात म्हणाला, "इथं मुठीजवळ खोट राहिलीय. कानस मारता का पटकन?"

पुंडलिक वाकला. रस तिथवर पोचला होता. लाटा जिथं सुरू होत होत्या तिथंच एक बारीक काळपट खूण उठली होती, तारेच्या जाडीची, उलट्या पिळाची.

त्यानं भावेशची हळदीनं माखलेली बोटं धरली आणि मुठीवरून जराशी पुढं सरकवली, खूण अंगठ्याखाली येईल इतकी.

"अशी धर," तो म्हणाला. "लग्न लागेस्तोवर सोडू नको."