अताराचा विलाप

अंगरखा फाडलेला एक माणूस दुपारी आमच्या दारात उभा राहिला. मी जैतुनाच्या फांद्या छाटून नुकताच घरी आलो होतो. असा माणूस आला की आमच्या घरी एकच अर्थ असायचा : कुठेतरी कोणी गेलंय आणि माझ्या बायकोला, अताराला, विलाप म्हणायला बोलावणं आहे. म्हणून मीच आधी म्हणालो, "ती घरी नाही. झीफला गेलीय, एका म्हाताऱ्याच्या मयताला. उद्या या."

"मी झीफहूनच आलोय," तो म्हणाला.

तरीही मला कळलं नाही. "मग वाटेत भेटली नाही?"

त्यानं मला हाताला धरून उंबऱ्यावर बसवलं. म्हाताऱ्याला पुरून झालं, बायका भाकरी खायला बसल्या, अतारा पाणी पिऊन भिंतीला टेकली ती उठलीच नाही. मागून चौघे तिला घेऊन येत होते.

सूर्य मावळायच्या आत पुरायचं होतं. तिचा भाऊ शम्मा, आमच्या घरची माणसं पुरतो त्या गुहेच्या तोंडावरचा धोंडा सरकवायला गेला. शम्मा दगड घडवतो. त्याच्या हातात जे कसब आहे त्याला आमच्याकडे होखमा, म्हणजे शहाणपण, म्हणतात. शेळीच्या केसांचं सूत काढणारीच्या बोटांत असते तीही होखमा, आणि अताराच्या गळ्यात होती तीही. वेशीवर बसून म्हणी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनाही हल्ली शहाणे म्हणतात. अताराला त्याचं हसू यायचं.

मयताच्या घरी गेल्यावर ती लगेच रडायची नाही. चुलीपाशी बसून विचारायची, माणूस काय खायचा, कुणाशी भांडायचा, काठी कुठल्या हातात धरायचा. त्यातून ओळी बांधायची. पहिला तुकडा लांब, दुसरा आखूड, पाय अडखळल्यासारखा. त्या आखूड तुकड्यावर लोकांचा बांध फुटायचा. तिचे डोळे मात्र कोरडे. म्हणायची, "मी रडले तर गळा कोण सांभाळणार?"

तिच्या हाताखाली शिकलेल्यांत तिची भाची तिम्ना सगळ्यांत तयार. अताराला आणून ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, मला विचारावंच लागेल. मावशीला काय आवडायचं?"

"अंजिरं."

"अंजिरं सगळ्यांनाच आवडतात. फक्त तिचं असं काहीतरी सांगा."

मी विचार केला. "झोपेत बोटं हलवायची. ओळी मोजायची. माझ्या पाठीवर."

तिम्नानं ओढणी तोंडावर घेतली आणि रडायला लागली. चारचौघींसारखी रडली, तिला थांबवता येईना.

शम्मा दारात उभा होता. "इतकी वर्षं हेच शिकलीस? असं तर माझी शेळीसुद्धा रडते."

"तुम्ही गप्प बसा, मामा. शेळीला मावशीनं शिकवलेलं नाही."



आम्ही अताराला उचलून गुहेकडे नेलं. बायका रडल्या, पण जिच्या तोंडाकडे बघून बाकीच्यांनी ओळ उचलायची ती बाईच नव्हती. जिचं तिचं रडणं जिच्या तिच्या गळ्यात राहिलं. अतारानं आमच्या माओन गावातल्या कितीतरी माणसांना नीट पोचवलं होतं. तिला आत ठेवून धोंडा परत सरकवला तेव्हा तिचा विलाप झाला नव्हता. ती असती तर म्हणाली असती, काम कच्चं राहिलं.

सुतकात शेजारी भाकरी आणून देत. तिम्ना रोज संध्याकाळी यायची आणि विचारायची. मी आठवेल ते सांगायचो. ती डोळे मिटून पुटपुटायची आणि मान हलवायची.

"लांब तुकडे येतात, काका. आखूड येत नाहीत."

"वेशीवरच्या म्हाताऱ्यांना विचार," शम्मा म्हणाला. "शहाणे आहेत."

"त्यांना लांबच येतात, मामा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो.

पुढे कर्मेलहून बोलावणं आलं आणि तिम्ना गेली. लोक सांगतात, तिनं विलाप चांगला बांधला, डोळे कोरडे ठेवून. परत आल्यावर मी तिला म्हणालो, "आता जमेल."

"परक्यांचा जमतो," ती म्हणाली. "मावशीचं नाव तोंडात आलं की मी तिची भाचीच उरते."

मी तिला घाई केली नाही. गुहेत पुढचं माणूस ठेवायला धोंडा पुन्हा सरकेल तेव्हा तिचा विलाप म्हटला तरी चालेल, असं शम्मा म्हणतो. ते माणूस बहुतेक मीच असेन.

अताराचा विलाप अजून झालेला नाही.