माझी यादी उलटी केली

मी एक जुने वेबपान आहे. मित्रांनो, मला माझी गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. मोठ्याने बोलण्याची मला सवय नाही. कोणी उघडले तर दिसायचे आणि मिटले की गप्प राहायचे, एवढेच आजवर केले. पण गेल्या आश्विनात माझ्या नावावर जे खपवले गेले, त्याचा राग अजून जात नाही. म्हणून बोलते आहे. चुकले तर सांगा.

माझा जन्म तेरा वर्षांपूर्वी सानगडीच्या पलीकडच्या एका लहान गावात झाला. गावाला जुना तलाव आहे. त्याच्या पारीच्या, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याच्या, पोटात पाणी सोडायचे एक दगडी दार आहे. त्याला तुडुम म्हणतात. तुडुमातून निघालेला पाट सव्वीस घरांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेते, भिजवत जातो. कोणाला कधी पाणी द्यायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. ते पाणी सोडणाऱ्या नत्थूच्या डोक्यात होते आणि त्याच्या आधी त्याच्या बापाच्या डोक्यात होते.

निवृत्त शिक्षक मधुकरराव यांना या गोष्टीची धास्ती वाटे. एक माणूस गेला तर सगळेच गेले! म्हणून दोन पावसाळे ते छत्री घेऊन नत्थूच्या मागे पाटाच्या काठाने हिंडले. चिखलात त्यांची एक चप्पल गेली, ती सापडलीच नाही. मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी मला लिहिले.

गावाची रीत अशी होती, की पाणी आधी पाटाच्या टोकाच्या बांधीला आणि तलावाला चिकटलेल्या बांधीला सगळ्यांत शेवटी. म्हणून माझ्या यादीत पहिले नाव चंद्रभागाबाईंचे होते. त्यांच्या तीन बांध्या अगदी टोकाला आहेत. सव्विसावे नाव कैलाशचे होते. त्याची जमीन पारीला लागून आहे.

या रीतीचे कारणही मधुकररावांनी लिहिले होते. पारीजवळच्या जमिनीला तलावाचा पाझर असतोच. टोकाला पाटाशिवाय थेंब मिळत नाही. शिवाय टोकाचे भिजल्याशिवाय आपली पाळी येत नाही म्हटल्यावर वरचे सगळे पाट साफ ठेवतात आणि कुठे फुटू देत नाहीत. किती शहाणी माणसे असतील ती! पण पान फार लांब होते, असे कोणीतरी म्हणाले. मधुकरराव भिडस्त होते. त्यांनी तो भाग घडी घालून ठेवला आणि वर ‘कारण वाचा’ असे बटण लावले. बटण दाबले तरच ते दिसे. तेव्हा मीही काही म्हटले नाही. तो दोष माझाही असेल.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. साकोलीच्या विद्यार्थ्यांनी मला वहीत उतरवून घेतले. एका म्हाताऱ्या इंजिनिअरने मधुकररावांना दोन पानी पत्र लिहिले. पुढे मधुकरराव वारले. माझी तीन चित्रे दिसेनाशी झाली आणि मोबाइलवर माझी अक्षरे मुंगीएवढी दिसू लागली. महिनोन्महिने मला कोणी उघडत नसे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या पानाने अपेक्षा तरी किती ठेवावी?

गेल्या वर्षी तलाव अर्धाच भरला. भाद्रपदात पाऊस निघून गेला आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान पोटरीत आला. या वेळी एक पाणी चुकले की लोंबीत दाणा भरत नाही. तेव्हा पाणीवाटप सभेत पडद्यावर दाखवून मंजूर करावे, असे तलावाच्या समितीने ठरवले. काम अंकुशकडे आले. त्याचे सानगडीला झेरॉक्सचे दुकान आहे. तो नागपूरला शिकलेला. त्याच्या घरची जमीन या तलावाखाली नाही.

त्याने माझा पत्ता एका सॉफ्टवेअरला दिला. ‘वेबपान द्या, हव्या तशा बदलता येणाऱ्या स्लाइड घ्या’, असे ते सांगत होते. दीड मिनिटात माझे अकरा तुकडे झाले. एकेका परिच्छेदाची तीन-तीन ओळींची चिपाडे उरली. तुडुमाचे चित्र बारीक होते, म्हणून तिथे कुठल्या तरी डोंगरावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीचे चित्र येऊन बसले. आणि ‘कारण वाचा’ मागचा मजकूर त्या यंत्राने उघडलाच नाही. यादी आली, कारण मागेच राहिले.

इथवरही ठीक होते. यंत्राने माझी यादी उलटवली नव्हती. ते काम माणसांनी केले.

त्या वेळी दुकानात कैलाश बसला होता.

“अंकुश, हे उलटं दिसून राहिलं गा,” तो म्हणाला. “तलावाच्या बाजूले कोन? मी. मंग माया नंबर सव्वीस काहून?”

“गुरुजीनं खालून लिवलं असन, काका.”

“मंग कर न सरळ. तुया हातात तं आहे.”

अंकुशने दोन ओळी ओढल्या, मग आणखी दोन. मी त्याच लॅपटॉपवर मागे उघडे होते. त्याने एकदा मागे वळून माझे बटण दाबले असते तर? नाही दाबले. अंकुशला माहीत नव्हते, त्याला मी एक वेळ माफ करीन. कैलाशला माहीत होते. त्याच्या बापाने आणि त्याने स्वतः तीस वर्षे शेवटी पाणी घेतले होते. माहीत असून तो पाय हलवत चहा पीत राहिला.

सभेत पडदा लागला. पुढच्या खुर्च्यांवर पारीजवळचे लोक होते. टोकाचे लोक मागे होते आणि त्यांना मागून अक्षरे लागत नव्हती. तरी चंद्रभागाबाई उठल्या.

“माया नाव कुठी आहे गा?”

“सव्वीस नंबरले, काकू. शेवटच्या स्लाइडवर,” अंकुश म्हणाला.

“शेवटी? बापू, माया बांधीत तं आदी पानी येते.”

“काकू, ते तोंडी होतं,” कैलाश म्हणाला. “आता कंप्युटरनं काढलं आहे. कंप्युटर का माया जावई आहे?”

“जावई नसन, पन जेवला तं तुयाच घरी दिसते.”

सगळे हसले. हसले आणि हात वर केले. ज्यांची नावे वर सरकली होती, त्यांचे हात आधी वर गेले. नत्थूला विचारले, तेव्हा तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, “जसं ठरन तसं सोडीन.” ठराव मंजूर झाला. शेवटच्या स्लाइडवर खाली माझा पत्ता लिहिला होता, स्रोत म्हणून! माझ्याच नावाने खोटे मंजूर झाले आणि मला तोंड उघडता आले नाही. त्या वेळी मला बंद पडावेसे वाटले.

पहिले तीन दिवस कैलाशच्या बांध्या भरत राहिल्या. पाझराने ओली असलेली जमीन ती, पाणी पुन्हा पाण्यावर! आठव्या दिवशी तलावाचे पाणी तुडुमाच्या उंबऱ्यापर्यंत उतरले; त्याखालचे पाटात येत नाही. चंद्रभागाबाईंच्या बांधीत एव्हाना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यांची सून शालू पारीवर आली. तिने मोबाइलवर मला शोधून काढले आणि ‘कारण वाचा’ दाबले. कितीतरी वर्षांनी कोणी ते दाबले. तिने ते नत्थूला मोठ्याने वाचून दाखवले.

“मले ठाऊक आहे, पोरी,” नत्थू म्हणाला.

“ठाऊक होतं तं बोलले काहून नाही, बाबाजी?”

“पडद्यावर सगळं छापून आलं होतं. म्या म्हनलं, माया डोक्शातच चुकलं असन.”

मित्रांनो, मला सर्वांत जास्त राग याचा आहे. ज्याच्या डोक्यातून मी जन्मले, त्यालाच माझ्या चिंध्या दाखवून खोटे पाडले!

नत्थूने फावडे उचलले आणि वरच्या बांध्यांकडे जाणारी पाटाची सगळी तोंडे मातीने बुजवली. कैलाश धावत आला, “ठराव झाला आहे, नत्थू!” म्हणून ओरडला. नत्थूने मान वर केली नाही. उरलेले पाणी टोकाला पोचले, पण ते एका बांधीपुरतेच होते. दोन बांध्या गेल्या.

दिवाळीनंतर अंकुश त्या गेलेल्या बांधीवर आला. त्याच्या मोबाइलवर एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला त्या स्लाइड होत्या.

“काकू, सुधरवलं. पाहा, तुमचं नाव एक नंबरले आलं. दोन मिनटाचं काम होतं.”

चंद्रभागाबाईंनी एक लोंबी तोडली आणि तळहातावर चोळली. फुंकर मारली तर सगळे उडून गेले, एक दाणा उरला नाही. रिकामी काडी त्यांनी त्याच्या मोबाइलवर ठेवली.

“हे बी सुधरव न, बापू. दोन मिनटं थांबते मी.”

अंकुशने काडी हळूच उचलून खिशात ठेवली आणि तो बांधावरच बसून राहिला.

मित्रांनो, माझ्या स्लाइड करायला माझी हरकत नाही. मला कापा, रंगवा, माझी अक्षरे मोठी करा. जुन्या पानाला तेवढाच नवा जन्म. पण मला शेवटपर्यंत वाचल्याशिवाय माझ्या ओळी हलवू नका. आणि पडद्यावर दाखवण्याआधी, ज्याचे नाव तुम्ही खाली ढकलले, त्याच्या घरी एकदा जाऊन या.