सान राफाएलचा झगा

माझा नवरा ओसिएल एकेचाळीस वर्षं बसगाड्यांना रंग मारत होता. निवृत्त झाला तेव्हा डॉक्टरांनी फवाऱ्याचं काम कायमचं बंद करायला सांगितलं, नाहीतर छाती जाईल म्हणाले. पण हात स्वस्थ बसेनात. मग तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून वीतभर बसगाड्या बनवायला लागला. बसगाड्यांवरून घरं, घरांवरून रेल्वेचं जुनं स्टेशन, आणि शेवटी आमच्या गावचं चर्च.

आमचं गाव चिलीतल्या तालका शहरापासून बसने दीड तासावर आहे. गावात बघण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे चर्चच्या सात रंगीत काचांच्या खिडक्या. शंभर वर्षांपूर्वी जहाजातून आलेल्या. ओसिएलने पन्नासास एक असं प्रमाण धरलं. म्हणजे खरी खिडकी तीन मीटर, तर त्याची सहा सेंटिमीटर. दोन महिने तो रोज सकाळी एका खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसायचा आणि कुठल्या तुकड्याचा कुठला रंग ते वहीत लिहायचा. चर्चची देखभाल करणाऱ्या दोन्या क्लोरिंदाला वाटलं, म्हातारपणी याला देव आठवला. तसं तिने गावभर सांगितलंही.

त्याचे ते रंग मला फार आवडायचे. आरपार दिसणारे, सरबतासारखे. सांतियागोहून मागवलेल्या छोट्या बाटल्या होत्या: लाल, निळा, पिवळा, नारिंगी, हिरवा, आणि एक धुरकट. आधी तो पारदर्शक प्लास्टिकवर शिशाच्या पट्ट्यांसारख्या काळ्या रेघा ओढायचा. मग प्लास्टिक आडवं ठेवून एकेका घरात रंगाचा थेंब सोडायचा. थेंब आपोआप पसरून रेघेपाशी थांबायचा. सुकला की वरून दुसरा पातळ हात. खिडकी उभी केली आणि मागे दिवा धरला, की माझ्या टेबलक्लॉथवर लाल-निळे ठिपके पडायचे.

पण या रंगांची एक खोड आहे, ती मला त्यानेच सांगितली होती. बसच्या रंगात चुकलं तर वरून दुसरा हात मारून झाकता येतं. इथे खालचं सगळं वर दिसतं. लालवर हिरवा दिला की चिखल होतो. पुसायला जावं तर काळ्या रेघाही निघून येतात आणि प्लास्टिक धुकट होतं.

सातवी खिडकी सान राफाएलची. मुलाचा हात धरून चाललेला देवदूत, मुलाच्या हातात मासा. ओसिएल ती रंगवत होता तेव्हा आंतोफागास्ताहून फोन आला, आमची लेक यास्ना बाळंत झाली, मुलगी झाली. मी रडले, तो हसला, आम्ही एकेक ग्लास वाइन घेतली. मग तो परत टेबलाशी जाऊन बसला आणि राफाएलचा झगा पुरा केला. तेव्हा माझं तिकडे लक्षही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संताची जत्रा होती. छोटं चर्च गावच्या लाकडी सभागृहात काचेच्या पेटीत ठेवलं, आतला दिवा लावला, आणि लोक रांग लावून बघत राहिले. पाद्रे इसिद्रो म्हणाले, आता भलं मोठं चर्च पडलं तरी फिकीर नाही. लोक हसले.

तीन वर्षांनी, फेब्रुवारीच्या अखेरीस, भूकंपात ते पडलंच.

घंटेचा मनोरा कोसळला, उत्तरेची भिंत आडवी झाली. सातही खिडक्यांचा चुरा. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत गेली. लाकडी सभागृह मात्र हललं, कुरकुरलं आणि उभं राहिलं. काचेच्या पेटीला तडासुद्धा नव्हता.

हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जुलैत, काचकाम करणारी बाई आली, वालपराइसोहून. इंग्रिड ओयानेदेल तिचं नाव, चाळिशीची, हातांवर कापल्याच्या पांढऱ्या रेघा. तिने गावाकडे फोटो मागितले. गावात लग्नांचे फोटो पुष्कळ होते, पण सगळ्यांत नवरा-नवरी स्पष्ट आणि मागच्या खिडक्या नुसत्या पांढऱ्याफटक, उजेडाने भाजलेल्या. मग पाद्रेंनी तिला छोट्या चर्चकडे नेलं. तिने गुडघ्यावर बसून आत टॉर्च मारला आणि एकेक खिडकी निरखली. नंतर विचारलं, रंगांच्या काही नोंदी आहेत का.

ओसिएल म्हणाला, "वही होती. भिंतीखाली गेली."

त्या दिवसापासून गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचायला लागलं. बेकरीवाला रोज पावाची एक लादी जास्त द्यायचा. आणि हा माणूस मात्र सुकत चालला. जेवण अर्धवट टाकायचा. सभागृहावरून जाण्याऐवजी लांबच्या रस्त्याने जायचा. मला वाटलं छातीचं दुखणं वर आलं. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले छाती ठणठणीत आहे.

सप्टेंबर उजाडला. स्वातंत्र्यदिनाच्या सणासाठी मी त्याच्या शर्टाची बटणं शोधत होते. शिवणयंत्राच्या खालच्या खणात, चिंध्यांखाली, ती वही सापडली.

मी ती त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. म्हटलं, "भिंतीखालून ही चालत आली का रे म्हाताऱ्या?"

मग त्याने शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. राफाएलचं चित्र, आणि झग्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं: हिरवा.

"मी लाल दिलाय," तो म्हणाला. "फोनवरून उठून आलो, उघडी होती त्या बाटलीत ब्रश बुडवला. उजेडात धरल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी जत्रा. म्हटलं नंतर बदलू. मग पाद्रेंनी पेटीला कुलूप लावलं, लोक वाहवा करायला लागले. ती खिडकी अंधाऱ्या कोपऱ्यात होती, नोल्फा. कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

"मग आता सांग की."

"काय सांगू? एक खोटी निघाली की बाकीच्या सहांवर कोण विश्वास ठेवील? लोकांची घरं गेली. त्यांना वाटतंय, निदान खिडक्या तरी होत्या तशा परत येतील. आणि न सांगावं तर ती बाई शंभर वर्षं टिकेल अशी चूक काचेत घालणार. माझ्या नावाने."

मी त्याला रागे भरणार होते. भरले नाही. एकट्याने दोन महिने हे पोटात ठेवलं होतं त्याने, त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, उद्या सकाळच्या बसने वालपराइसो. तुझी छाती ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणालेत.

वाटेला पाच तास लागले. वही कोटाच्या आतल्या खिशात होती आणि हात तिच्यावर.

इंग्रिडचा कारखाना टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. आम्हाला दारात बघून ती दचकली. मला ते जरा विचित्र वाटलं. आम्हाला बसवलं, चहा केला, पण नजर देईना. ओसिएलने कप हातात घेतला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "राफाएलचा झगा हिरवा होता. मी चुकून लाल केला. आणि वही हरवली म्हणालो ते खोटं." आणि वही तिच्या हातात दिली.

तिने शेवटचं पान वाचलं. मग ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, संपलं, काच कापून झाली.

पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"माएस्त्रो," ती म्हणाली, "मी दोन महिने झोपले नाहीये."

तिने आम्हाला मागच्या टेबलाशी नेलं. भूकंपानंतर दोन्या क्लोरिंदाने चर्चमधली काच झाडून केळ्यांच्या खोक्यांत भरून ठेवली होती. तिच्याने फेकवली नाही, एवढंच. ती खोकी इंग्रिडने आणली होती आणि चुरा रंगवार निवडला होता. तांबडा, निळा, सोनेरी. प्रत्येक ढिगाला छोट्या चर्चमध्ये जागा सापडली. एक ढीग मात्र उरला: हिरवी जाड काच, वर कपड्याच्या चुण्या रेखलेल्या. जवळजवळ दीड खोकं. सात खिडक्यांत त्याला कुठेच जागा नव्हती.

"मला वाटलं आठवी खिडकी असेल," ती म्हणाली. "पाद्रेंना विचारलं, ते म्हणाले सातच. मग तुमच्यावर शंका आली. पण तुमच्या गावात हे कुणापुढे बोलायचं? बेकरीवाल्याने तर तुमचं नाव घेऊन मला फुकट केक दिला."

"मग लाल काच कापलीत?" ओसिएलने विचारलं.

"हात धजावला नाही. काचेला हात लावायच्या आधी हा ढीग सोडवायचा होता."

"आणि बाकीच्या सहा?"

"बाकीच्या सहा खिडक्यांचा तुकडान् तुकडा जुळला. तुमच्यामुळेच तर हिरवा उपरा आहे हे कळलं. बसा आता, चहा निवतोय."

तो बसला. चहात तीन चमचे साखर घातली. मग दोघं वहीवर वाकून चुण्यांबद्दल जे बोलायला लागले, ते पार संध्याकाळच्या बसची वेळ होईपर्यंत. हिरव्यात दोन छटा होत्या, सावलीकडची जरा निळसर, हे त्याच्या वहीत होतं. तिने तो तुकडा ढिगातून काढून दाखवला. ओसिएलने तो खिडकीसमोर धरला आणि अगदी हळू म्हणाला, हाच.

गावात त्याने स्वतः सांगितलं, रविवारी, प्रार्थनेनंतर. पाद्रे म्हणाले, देवदूताने तीन वर्षं लाल झगा घातला तर त्यात काय बिघडलं, सणासुदीचे दिवस असतील. बेकरीवाल्याने पावाची जास्तीची लादी बंद केली, पण ते पीठ महागलं म्हणून.

हे नंतरचं. त्या संध्याकाळी परतताना बस थांबली तेव्हा ओसिएल खाली उतरला आणि खिमा भरलेल्या एम्पानादा घेऊन आला, चार. मी एक खाल्ली. उरलेल्या तीन त्याने खाल्ल्या, बोटं चाटली, आणि बस सुरू होऊन दोन वळणं झाली नसतील, तोच माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागला. तालका येईपर्यंत माझा हात बधिर झाला होता. मी तो हलवला नाही.