पाच काड्या आणि एक "बोला"

"आली! आली! आली!"

तळमजल्याच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं हात वर करून उभी, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. दोन मिनिटांपूर्वी सगळे फोन मेल्यासारखे होते. मग रेंजबाबानं उजवा हात छताकडे उचलला, डोळे मिटले, नाकातून लांबलचक हुंकार काढला, आणि पडद्यांवर रेंजच्या काड्या उगवल्या. एक. तीन. पाच. शिंप्याच्या बायकोला रडू फुटलं. पहिल्या मजल्यावरच्या कारकुनानं फोन कपाळाला लावला.

"किती?" बाबानं विचारलं.

"पाच!"

"ऐकू नाही आलं. किती?"

"पाऽऽच!"

हे सगळं रेकॉर्ड झालं. पुढं ते आम्हाला कुठे आणि कोणत्या अवस्थेत ऐकावं लागणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

आमची इमारत खळग्यात आहे. सात मजले, हातभर जाड भिंती. घरात रेंज नाही. सबंध इमारतीत रेंज मिळायची एकच जागा, चौथ्या मजल्याच्या जिन्यातली खिडकी, लिफ्टच्या बरोबर समोर. तिथं रांग लागायची. एकानं बोलायचं आणि दहाजणांनी ऐकायचं. शिंप्याच्या मुलीचं लग्न का मोडलं, कारकुनाला साहेब काय म्हणाला, माझ्या मावशीचा रक्तदाब किती, सगळं सगळ्यांना पाठ. त्यामुळे "घरात बसून बोला, दार लावून बोला" असं सांगणारा हा रेंजबाबा आला, तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आम्हाला खरी भूक त्या बंद दाराची होती.

बाबानं घराघरात एकेक रेंजपेटी दिली. चौथ्या मजल्याच्या खिडकीत मोठी 'आईपेटी' बसवली, तिच्यापुढं जाळी, जाळीला कुलूप. खिडकी कायमची बंद. पेटीबरोबर एक छापील कागद मिळाला. तो सेक्रेटरींनी लिफ्टमध्येही चिकटवला.

*पेटी उघडू नये. लहरी उडून जातात.*

*फोन न लागल्यास पेटीस दोष देऊ नये. आपले मन तपासावे.*

*इमारतीतील तारेचे फोन काढून टाकावेत. तार लहरींना खाते.*

*शंकेला रेंज नसते.*

लिफ्टमध्ये एक जुना तारेचा फोन होता. उचलला की गेटवरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत वाजायचा. सेक्रेटरींनी कागद वाचला, घरून पक्कड आणली आणि तार स्वतःच्या हातानं कापली.

आता तुम्ही विचाराल, फोन लागत होते का? लागत नव्हते. पण पाच काड्या दिसत असताना 'लागत नाही' म्हणायचं कुणी? म्हटलं की मनात शंका असलेला तो आपणच ठरणार. कारकून रोज संध्याकाळी बसथांब्यावर पाय मोकळे करायला जाऊ लागला. तिथं शिंपी आधीच पाय मोकळे करत उभा असायचा, फोन कानाला लावून. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत.

मीही गप्प होतो. मी कवळ्या बनवतो, दातांच्या दवाखान्यांसाठी. खोट्या वस्तूंचाच माझा धंदा. पण माझ्या खोट्या दातांनी भाकरी चावता येते, एवढा फरक.

गप्प नव्हती ती फक्त मावशी. ती चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला लावलेल्या हेडफोनपायी तिचा डावा कान गेला. "काड्या कसल्या मोजताय रे?" ती म्हणायची. "समोरचा 'बोला' म्हणाला का, ते सांगा."

"मावशी, तुम्ही जुन्या जमान्यातल्या," सेक्रेटरी हसायचे.

"हो बाबा. आमच्या जमान्यात फोन लागायचे."

०

रविवारी सकाळी हॉलमध्ये बाबाचा सत्कार होता. दहा वाजता मावशी म्हणाली, "छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतंय." डावा हात जड झाला होता, कपाळ ओलं. आमच्या सहाव्या मजल्यावरून फोन लागण्याची आशा नव्हती. तिला खाली नेऊन मिळेल ती गाडी पकडायची ठरवली. लिफ्ट आली तेव्हा आत सेक्रेटरी आणि रेंजबाबा होते, सातव्या मजल्यावरून चहा घेऊन निघालेले. बाबाच्या अंगात पांढरा कोट, कोटाला फूल.

लिफ्ट पाचव्या मजल्यावरून गेली, चौथ्यावरून गेली, मग गचका देऊन थांबली.

जुन्या पद्धतीची जाळीच्या दाराची लिफ्ट. चौथ्या मजल्याची फरशी माझ्या हनुवटीपर्यंत आली होती. वर हातभर फट, आणि तिथंही जाळी. त्या जाळीतून समोरच, चार पावलांवर, खिडकीतली आईपेटी दिसत होती. हिरवा दिवा लुकलुकत होता.

सेक्रेटरींचा हात सवयीनं तारेच्या फोनकडे गेला. कापलेली तार भिंतीतून दोन बोटं बाहेर आली होती. त्यांनी हात खाली घेतला.

"काही नाही, मोबाइल आहेत की," ते म्हणाले. "पाच काड्या आहेत."

त्यांनी लावला. मी लावला. टिक, टिक, टिक, आणि कॉल संपला. पुन्हा. पुन्हा. मावशी खाली बसली, पाठ भिंतीला टेकून.

"वाचवाऽऽ!" मी जाळीला तोंड लावून ओरडलो. "लिफ्ट अडकलीय!"

खालून लाउडस्पीकर गरजला. बाबाचा रेकॉर्ड केलेला आवाज.

*"किती?"*

"पाऽऽच!" हॉलमधून उत्तर आलं.

"अहो, माणूस आजारी आहे इथंऽ!"

*"ऐकू नाही आलं. किती?"*

"पाऽऽऽच!"

सबंध इमारत खाली जमली होती. वर कुणी नव्हतं. मी चपलेनं जाळी बडवली, तर खाली टाळ्यांचा जोर वाढला. त्यांना वाटलं असावं, महाराज उतरतायत.

"कुणाच्यातरी मनात शंका आहे," बाबा म्हणाला. आवाज सत्काराचा होता, पण कॉलर घामानं भिजली होती. चार माणसांत श्वास घ्यायला जागा नव्हती. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हळूच स्वतःचा फोन काढला.

टिक, टिक, टिक.

"तुमच्याही मनात शंका का हो, पेटीवाले?" मावशीनं खालून विचारलं.

"मावशी, तू बोलू नकोस," मी म्हणालो.

"बोलू दे. नंतर बोलता येईल याची काय खात्री?" ती थांबली, श्वास घेतला. "एक्स्चेंजमध्ये हे असंच व्हायचं. आपला आवाज गिऱ्हाइकाला जायचा, त्याचा आपल्याला यायचा नाही. तो बिचारा तिकडं घसा फोडतोय आणि आपण म्हणतोय, हॅलो, हॅलो. काड्या म्हणजे काय रे? टॉवरचं बोलणं तुझ्या फोनला किती मोठ्यानं ऐकू येतंय, एवढंच. तुझं बोलणं टॉवरला जातंय का, ते काड्या सांगत नाहीत."

"म्हणजे ही पेटी..."

"नुसता कर्णा आहे. टॉवरचा आवाज मोठा करून इमारतीत ओतते. इकडचा आवाज बाहेर नेत नाही. उलट ती स्वतःच इतकी कोकलते, की टॉवरला आपलं काही ऐकूच जात नसणार. हो ना?"

बाबानं फोन डाव्या खिशात टाकला आणि हात तिथंच ठेवला.

"महाराज, सांगा ना यांना," सेक्रेटरी म्हणाले. ते जवळजवळ विनवणीच करत होते.

"आणि त्यांचा डावा हात खिशातून काढायला सांगा," मावशी म्हणाली. "हॉलमध्ये तुम्ही सगळे उजव्या हाताकडे बघत होता. मला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी माणसांच्या दोन्ही हातांकडे बघते. हुंकार सुरू झाला की डावा हात खिशात. दरवेळी."

खालून आवाज आला, *"शंकेला रेंज नसते!"* आणि टाळ्या.

मावशीनं डोळे मिटले. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी बाबाच्या कोटाची कॉलर धरली. आयुष्यात मी कुणाची कॉलर धरली नव्हती.

"बंद कर."

"भाऊ, लोक मला मारतील."

"लोक खाली आहेत. मी इथं आहे. आणि ही गेली, तर तूही इथंच आहेस, याच डब्यात, तिच्याशेजारी."

त्यानं खिशातून काळं बटण काढलं, गाडीच्या किल्लीएवढं. जाळीकडे धरून दाबलं.

हिरवा दिवा विझला.

माझ्या फोनवरच्या पाच काड्या एकदम पुसल्या गेल्या. "गेली!" सेक्रेटरी किंचाळले. "अहो काय केलंत! रेंज गेली!" रिकाम्या पडद्याकडे बघत मी फोन जाळीच्या फटीतून खिडकीच्या दिशेनं, हात पोचेल तितका बाहेर काढला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एक काडी आली. बारीक, आजारी, एकटी.

मी लावला. घंटी वाजली.

"रुग्णवाहिका सेवा. बोला."

मावशीनं डोळे न उघडताच मान हलवली. पुष्कळ वर्षांनी ड्यूटी संपल्यासारखी.

मी पत्ता सांगून संपवतोय तोवर खाली बोंब उठली होती. सगळ्यांच्या काड्या गेल्या होत्या. माणसं जिन्यावरून आईपेटीकडे धावत सुटली. सत्तर जोड्या पाय माझ्या डोळ्यांसमोर येऊन थांबले.

"कुणी शंका घेतली?" कारकून ओरडला. मग त्याचं लक्ष पायाशी, जाळीच्या आत गेलं. "अरे, हे इथं काय करतायत?"

"पुण्य कमावतोय," मी म्हणालो. "वर जाऊन लिफ्टचं चाक फिरवा आधी."

०

मावशी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्ध्या तासाचा उशीर तिला झेपला नसता.

घरोघरच्या पेट्या आम्ही हॉलमध्ये सगळ्यांसमोर उघडल्या. प्रत्येकीत एक हिरवा दिवा, एक बॅटरी आणि वजनासाठी फरशीचा तुकडा. आईपेटीत स्वस्तातला, एकाच बाजूनं आवाज वाढवणारा भोंगळ प्रकार. मावशीचा अंदाज अक्षरशः बरोबर होता. बाबा आधीच बटण दाबून पेटी बंद करायचा, हॉल जमला की चालू करायचा, आणि मधल्या वेळात हुंकार भरायचा. पोलिसांनी नेलं तेव्हा डावा हात खिशातच होता. सवय.

घरात रेंज आणणारी खरी यंत्रं असतात. ती आपलं बोलणं बाहेर नेतात आणि बाहेरचं आत आणतात. ती फोन कंपनीला विचारून, जाणकाराकडून बसवून घेतात. ती बसवताना कुणी डोळे मिटत नाही, आणि ती उघडून दाखवायला कुणी घाबरत नाही. आम्ही आता तसं एक घेतलंय. चार काड्या येतात. कधी तीन.

शिंप्याची बायको अजून म्हणते, "तेव्हा पाच यायच्या हो." तिची पेटी तिनं परत मागून नेली. दिवा लागतो तिचा, कपाटावर. मी भांडलो नाही. महिनाभर फोन लागत नसताना मीही गप्प बसलो होतो. लिफ्टमधल्या फोनची तार सेक्रेटरींच्या पक्कडीनं कापली, पण धरून आम्ही सगळ्यांनी ठेवली होती.

लिफ्टमधला तारेचा फोन पुन्हा जोडलाय. मावशी रोज सकाळी खाली उतरताना तो उचलते आणि पहारेकऱ्याला विचारते, "मला तुमचं ऐकू येतंय. माझं तुम्हाला येतंय का?"

एवढाच प्रश्न आहे. तुमच्या गावात, गल्लीत, कुणी हात वर करून काड्या दाखवल्या, तर तो विचारा. तिकडून उत्तर आल्याशिवाय टाळी वाजवू नका.