घाटाला हलकी, दर्याला जड

नृसिंह नेरूरकर होडी घेणार, ही बातमी शाहूपुरीत फुटली तेव्हा लोकांनी ती हसण्यावारी नेली. कोल्हापुरात माणूस म्हैस घेतो, जीप घेतो, फारच उतू चालला तर थिएटर काढतो. पण होडी? ती काय गच्चीत ठेवणार? आणि ही होडी रंकाळा तलावात फिरायची सुद्धा नव्हती. किनारा मागं टाकून खोल दर्यात जाणारी, मासेमारीची होडी असणार होती ती. मुक्कामाला मात्र शाहूपुरीत, घराच्या दारात. शनिवारी शाळा सुटली की जीपच्या मागं गाडा जोडायचा, राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा, रविवारी दर्यात गळ टाकायचे आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात हजर. नृसिंह भूगोलाचा मास्तर होता. भिंतीवरच्या नकाशात त्यानं सगळे महासागर पट्टीनं पार केले होते.

होडी किनाऱ्यावरच कुणाकडं ठेवली तर काय बिघडेल, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "आपली वस्तू आपल्या दारात बरी."

या सगळ्याचं मूळ होते त्याचे वडील, अप्पा. अप्पा वेंगुर्ल्याचे. ऐन विशीत घाट चढून कोल्हापुरात आले, कोर्टात बेलिफ म्हणून चिकटले आणि लोकांच्या दारांवर नोटिसा डकवता डकवता म्हातारे झाले. मासळी खाल्ली ती लक्ष्मीपुरीच्या बाजारातली, बर्फातून आलेली. तीही नाक मुरडत. आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "दिसतंय तोवर एकदा आत खोल जाऊन यायचं. गळ टाकायचा. बाकी काही मागणं नाही."

नृसिंहाला भरून आलं. माणसाला भरून आलं की तो नको ते बोलून जातो. "जाऊ की अप्पा," तो म्हणाला, "आणि दुसऱ्याच्या कशाला, आपल्या स्वतःच्या होडीतून जाऊ!"

बिचारे अप्पा कुणाच्याही होडीत बसले असते. पण मुलाच्या तोंडून 'स्वतःच्या' असा शब्द आल्यावर बापाची छाती फुगायचीच. ते थांबले. आणि होडीचं भिजत घोंगडं जे पडलं, ते दोन दिवाळ्या उलटल्या तरी वाळेना.

गाड्याचं काम जिनपाल चौगुल्यानं अंगावर घेतलं. जिनपाल नृसिंहाचा शाळेपासूनचा मित्र, उद्यमनगरात त्याची फाउंड्री होती. घरचा जैन, अंड्याच्या टोपलीवरून सावली गेली तरी अंग चोरणारा. तो म्हणाला, "गाडा मी करतो मास्तर, आणि माझी जीपबी जोडतो. पण माशाचं पाप तुमचं. आधीच सांगून ठेवतो, मागनं वाटणी न्हाय." बोलल्यासारखा त्यानं गाडा केला, तांबडा रंग दिला आणि फाउंड्रीच्या दारात उभा केला. आता फक्त त्यावर होडी यायची बाकी होती. लग्नाआधी पाळणा टांगावा तशातला हा प्रकार. पुढं त्या गाड्याखाली दोन कुत्र्या व्यायल्या, कामगार त्यावर डबे सोडून जेवायला लागले, तरी होडीचा पत्ता नव्हता.

घोडं अडलं होतं ते मास्तरच्या दोन अटींवर. होडी घाटातून ओढायची, म्हणजे हलकी हवी. खोल दर्यात न्यायची, म्हणजे जड हवी. लाकडाची होडी दाखवली की तो म्हणायचा, "ही घाटात जीपला मागं खेचेल." फायबरची दाखवली की म्हणायचा, "ही लाटेवर बुचासारखी उडेल." सपाट बुडाची गाड्यावर नीट बसायची, पण लाटेवर आपटणार. खोल बुडाची लाट कापणार, पण गाड्यावर कलणार. मुंबईहून मागवलेली इंग्रजी माहितीपत्रकं तो संध्याकाळी फाउंड्रीत घेऊन बसायचा आणि भट्टीच्या उजेडात भरती-ओहोटीवर बोलायचा. ऐकणाऱ्यांनी गुडघ्याच्या वर समुद्र पाहिलेला नव्हता. बोलणाऱ्यानंही नव्हता, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"हलकीबी पायजे नि जडबी पायजे," जिनपाल एकदा वैतागून म्हणाला, "म्हंजे म्हशीनं दूधबी द्यावं नि खासबागेत कुस्तीबी मारावी म्हणा की!"

"तू लोखंडातला माणूस. तुला पाण्यातलं कळायचं नाही."

"आनि तुमी खडूतलं! तुमाला कळतंय व्हय?"

घरात मीनाक्षीही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती मुरगूडची, बोलणं सरळ आणि खणखणीत. एक दिवस भाकरी थापता थापता ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला बघायला आलात तेव्हा कांदेपोह्याची बशी रिकामी व्हायच्या आत पसंती कळवलीत. आणि होडीला एवढं बघताय?"

"तिथं बुडायची भीती नव्हती," नृसिंह म्हणाला.

"असं तुम्हाला वाटलं," मीनाक्षी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

अप्पा हसले. अलीकडं ते कमी हसायचे. पेपर डोळ्यांशी नेऊन वाचायचे, मग वाचायचा सोडला. अंगणात कोण आलं ते आवाजावरून ओळखायला लागले. एका संध्याकाळी नृसिंह त्यांना फायबर आणि सागवान यांतला फरक समजावून सांगत होता. अप्पा खूप वेळ ऐकत राहिले. कोल्हापुरात उभा जन्म गेल्यावर त्यांची मालवणी फक्त जीव कासावीस झाला तरच बाहेर पडायची. ती त्या दिवशी पडली. "माका होडी नको रे," ते म्हणाले, "माका दर्यात जावचा आसा."

हे वाक्य ज्याला कळलं नाही त्याला भूगोल शिकवायचा काय अधिकार? पण नृसिंहाला ते कळलं होतं, हीच तर खरी गोम. कळलं होतं म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी घाईघाईनं नवी माहितीपत्रकं मागवायला पोस्टात गेला.

शेवटी जिनपालचाच धीर सुटला. एका रविवारी सकाळी तो रत्नागिरीहून एक होडी गाड्यावर घालून घेऊन आला. पसंत पडली तर ठेवायची, नाहीतर परत, असा बोलीचा व्यवहार. होडी आटोपशीर, फायबरची, पण बुडाला भार भरलेली. मालक ती घेऊन वर्षानुवर्षं आत खोल जात होता. आणि ती सबंध घाट जीपच्या मागं मुकाट चढून आली होती. हलकीही होती आणि जडही होती. मास्तरच्या दोन्ही अटी तिनं पाळल्या होत्या, त्यामुळं मास्तर तिसरी अट शोधायला लागला.

होडी रंकाळ्यात सोडली. बघायला ही गर्दी! कोल्हापूरकराला फुकट सल्ला द्यायला मिळाला की जेवण लागत नाही. म्हशीच्या बाजारात मुरलेला एक जण होडीभोवती फिरून म्हणाला, "पावणं, दात बघितलं काय हिचं? मागनं खोड निघंल!" कुणी म्हणालं, रंग पांढरा नको, नजर लागते. एका पैलवानानं काठावर थाप मारून हाड मजबूत असल्याचं जाहीर केलं.

अप्पा ठेवणीतला कोट घालून आले होते. त्यांनी वहाणा काढल्या, जिनपालचा हात धरला आणि त्या वयात पोरासारखे टुणकन आत गेले. आत बसले. काठावरून तळवा फिरवत राहिले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं ते हाताला दिसत होतं. चेहरा असा उजळला होता की मीनाक्षीनं पदर डोळ्यांना लावला. "हितं मासं धरायचं न्हाय न्हवं? मग मीबी बसतो," म्हणत जिनपालही आत शिरला. "या मास्तर!"

नृसिंहानं एक पाय आत टाकला. होडी जराशी हलली, होडी हलायचीच. खालचं पाणी काळंभोर दिसलं आणि त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. गावातली सगळी पोरं पाठीला डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकली, तेव्हा हा दर उन्हाळ्यात आजारी पडायचा. त्याला पाण्याची भीती वाटत होती. लहानपणी वाटायची तशीच, तेवढीच. अप्पांना शब्द देताना तो हे विसरला होता, आणि आठवल्यापासून होड्या नापसंत करत आला होता. ते एका शब्दात सांगितलं असतं तर अप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला असता. पण मास्तरला लाज वाटली. भीतीपेक्षा लाज मोठी झाली की माणूस दुसऱ्याचा बळी देतो.

त्यानं पाय काढून घेतला. घसा खाकरला. "काठ बुटका आहे," तो म्हणाला, "लाट आत येईल."

"रंकाळ्यात लाट?" जिनपाल ओरडला.

"दर्यात म्हणतोय मी. नको. पसंत नाही."

नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणतात. इथं अंगणात पाऊलसुद्धा पडलं नव्हतं. गर्दी पांगली. अप्पा खाली उतरले. त्यांना वहाणा घालायला फार वेळ लागला. अंगठा सापडेना म्हणून मीनाक्षीनं वाकून घातल्या. वाटेत ते कुणाशी बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत याचं नृसिंहाला मनातून बरंच वाटलं.

त्याच आठवड्यात अप्पांनी पिशवी भरली. चुलतभावाच्या घरी वेंगुर्ल्याला जाऊन येतो म्हणाले. मीनाक्षीनं त्यांना एसटीत बसवून दिलं. नृसिंह तेव्हा शाळेत सागरी प्रवाह शिकवत होता.

अप्पा परतले ते नाक सोलपटलेले, ओठ फुटलेले आणि अंगाला मिठाचा वास. पिशवीत केळीच्या पानात बांधलेल्या इसवणीच्या, म्हणजे सुरमईच्या, तुकड्या. दुपारी सगळे जेवायला बसले. मुद्दाम बोलावलेला जिनपाल ताट घेऊन खिडकीपाशी लांब बसला होता. त्याच्या ताटात वरणभात होता, पण कान इकडं होते.

"कुणाच्या होडीतून गेलात?" नृसिंहानं विचारलं.

"एका गाबताच्या. मासेमारी करणारं तरणं पोर. नाव विचारायचं राहिलं," अप्पा म्हणाले. ते बोटांनी काटे चाचपून काढत होते. "पहाटे निघालो. आत, आत, आणखी आत. मागं वळून बघतो तर किनारा नाही! माझ्या छातीत धस्स झालं. म्हटलं, संपलं. डोळे गेले. त्या पोराला म्हटलं, बाबा रे, मला किनारा दिसत नाही. तो हसायला लागला. म्हणाला, आजोबा, इथून माकाव दिसणा नाय." अप्पा सांगता सांगता खदखदून हसले. "दोघांना सारखंच दिसत होतं रे! कित्येक दिवसांनी मला चारचौघांसारखं दिसलं."

मीनाक्षी वाढायची थांबली. जिनपालनं घास तसाच हातात धरला. नृसिंह ताटातल्या तुकडीत नसलेले काटे शोधत राहिला.

"पौर्णिमेनंतर परत जाणार आहे," अप्पा म्हणाले. "एवढ्यात जाऊन घ्यायला हवं. येतोस?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. बापानं मुलाला विचारावं तसं त्यांनी सरळ विचारलं, आणि त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून मान पुढं केली. नृसिंहाला हो म्हणायचं होतं. निदान मला भीती वाटते म्हणायचं होतं. दोन्ही त्याच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं तोंड उघडलं.

"होडी किती फुटी होती?" तो म्हणाला.

अप्पांनी मान मागं घेतली. "मोजली नाही," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

"मामंजी, मी येते," मीनाक्षी म्हणाली.

"ओकशील गो."

"ओकेन की. दर्या भरंल होय तेवढ्यानं?"

अप्पा पुन्हा हसले. मग कुठल्या एसटीनं निघायचं, डब्यात काय न्यायचं, डोक्याला काय बांधायचं, हे सासऱ्या-सुनेचं ठरलं. मीनाक्षीचा भात वाढून होईपर्यंत सगळं ठरलंसुद्धा. नृसिंहाच्या पानात तिनं माशाची मधली तुकडी वाढली, आणि त्याला काहीच विचारलं नाही.